निशाणी बांगडी

खळ पातळ लागते. मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून.
कामाला बसताना मी बांगड्या काढून ठेवते,
जुन्या कागदाला काच लागली की तो सरळ फाटतो.

तेवीस वह्या आल्या माझ्या टेबलावर,
कातडी पाठीच्या, कसरीने जाळी केलेल्या.
रावसाहेब सखाराम त्रिंबकजी धैर्यवान,
जज्ज, स्मॉल कॉजेस कोर्ट, मुंबई.

त्याआधी अकरा वर्षं दुभाषे.
म्हणजे चोर मराठीत म्हणे, मी घेतलं,
आणि हे इंग्रजीत म्हणत, मी घेतलं.
मी मारलं. मी नाही मारलं. मला ठाऊक नाही, सरकार.
संध्याकाळी फणसवाडीत परतल्यावर
पाय धुवायला घंगाळ असे दारात.
जिभेचं काय करत, कुठे लिहिलेलं नाही.

मग खुर्ची मिळाली आणि 'मी' संपला.
पुढे एकवीस वर्षं फक्त 'कोर्टाचं मत'.
खोबऱ्याची उधारी, शिग्रामाचं मोडलेलं चाक,
भाड्याची खोली, खोलीतलं भुताचं भाडं
(हा दावा खरंच आहे, वही चौथी, फेटाळला).

नवव्या वहीत अक्षर धावायला लागतं.
तिकडे अमेरिकेत लढाई थांबली, इथे कापूस पडला,
कापसावर शेअर उभे होते, शेअरांवर माणसं.
दिवसाला साठ साठ दावे. शाई वाळायला वेळ नाही,
समोरच्या पानावर उलटे उमटलेत निकाल.

पान एकशे चार.
हरजीवन ओधवजी विरुद्ध सगुणा कोम बाबाजी,
धंदा गोदीत कोळसा वाहणे.
रोखा रुपये सदतीस, मिती भाद्रपद वद्य सप्तमी,
निशाणी बांगडी.
प्रतिवादी म्हणते, तेव्हा माझा हात रिकामा होता.
रावसाहेबांनी इंग्रजीत लिहिलं, तिच्याजवळ पैसे नव्हते.
म्हणजे कर्ज कबूल.
हुकूमनामा वादीसारखा. खर्च प्रतिवादीवर.
जप्ती: पितळी हंडा एक, पाटा एक, पाळणा एक.
चार ओळी. खाली लगेच पुढचा दावा, तुपाचा.

त्या पानाला समासात एक चिठ्ठी चिकटवलेली,
पालथी. वह्यांचे फोटो काढून गेले त्या मुलांना
तिथे नुसता तपकिरी चौकोन दिसला असणार.
ओल्या टिपकागदाखाली ती तासाभरात सुटली.

मोडी. माझ्या वडिलांनी मला शिकवली होती
सातबाऱ्यांच्या कामापुरती, बाकी विसरले मी.
एका वेलांटीपाशी अर्धी दुपार गेली.

तारीख सतरा वर्षांनंतरची, नोकरीचा शेवटचा आठवडा.
निरोपाचा चांदीचा पेला कोरायला गेला असेल तेव्हा,
आणि हा माणूस दप्तरखान्यात स्टुलावर बसून
आपलीच नववी वही उघडून:

"बाबाजी आषाढात वारला, हे पान एकशे एकवर नोंद आहे.
भाद्रपदात तिच्या हाती बांगडी कोठून?
निशाणी दुसऱ्या कोणी केली.
हात रिकामा होता असे ती बोलली.
मराठीत बोलली.
मी ऐकले."

त्या 'मी'वर शाई जाड आहे. टाक थांबला होता.

चौकशी केली का त्यांनी, सगुणा सापडली का,
सदतीस रुपये कुणी कुणाला परत दिले का,
यातलं काही तेवीस वह्यांत नाही.
पेन्शनीचा कागद आहे. पूर्ण पेन्शन.
आणि बेलिफाची यादी आहे, तीही मीच सांधली,
पाळण्याचे लिलावात चौदा आणे आले.

साहेब म्हणाले, चिठ्ठी मूळची चिकटवलेली होती ना,
मग तशीच चिकटवा, नियम आहे.
चिकटवली.
एकाच कडेला खळ लावली, पातळ,
नख घातलं तर उघडेल इतकी.